पदराच्या वाटेने

शेलूच्या फलाटावर पूर्वेकडे तोंड करून उभे राहिले, की आधी भातखाचरे दिसतात, मग त्यांच्यातून वर आलेल्या नव्या इमारती, त्यांच्या पलीकडे झाडीवरून ओळखू येणारा उल्हासचा काठ, आणि सगळ्यांच्या मागे सह्याद्रीची भिंत. पावसाळ्यात ढग जरा वर सरकले की या भिंतीची घडण उघडी पडते. वरून निघालेला धबधबा थेट तळापर्यंत येत नाही. तो एका कड्यावरून पडतो, मध्येच कुठे तरी झाडीत दिसेनासा होतो आणि खालच्या दुसऱ्या कड्यावरून पुन्हा प्रकटतो. जिथे तो दिसेनासा होतो, त्या सपाट पट्ट्याला इथली माणसे पदर म्हणतात. कडा, मग पदर, पुन्हा कडा, पुन्हा पदर, असा हा जिना खांडसच्या रानातून भीमाशंकरच्या माथ्यापर्यंत चढत जातो. शेलूहून नेरळ, कशेळे, खांडस आणि तिथून पायी वर, ही वाट मी भीमाशंकर अभयारण्य समजून घेण्याची सर्वांत चांगली वाट मानतो, आणि त्यामागे एक ठाम कारण आहे. या अरण्यात काय उगवते, कोण राहते आणि ते आजवर का टिकले, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्या जिन्याशी येऊन थांबतात. म्हणून तो जिना पायांनी चढावा; त्यावरून मोटारीचा रस्ता नेऊ नये, असे माझे म्हणणे आहे.

ज्वालामुखीच्या भूमीतले अभयारण्य म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे दूरची बेटे येतात. आइसलंडजवळ १९६३ साली समुद्रातून वर आलेले सुर्त्से हे बेट जन्मापासून जपले गेले. तिथे मोजके शास्त्रज्ञ सोडले तर कोणाला पाऊल ठेवता येत नाही. आपल्याकडे अंदमानच्या समुद्रात बॅरन बेट आहे, भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी आणि अभयारण्यही. त्या मानाने शेलूहून दिसणारे हे कर्जतचे डोंगर कोणाला ज्वालामुखीचे वाटत नाहीत, कारण इथे शंकूच्या आकाराचा डोंगर नाही, मुख नाही, धूर नाही. पण दख्खनचा लाव्हा मुळात एखाद्या शंकूतून उसळलेला नव्हता. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून तो वाहिला, पसरला, थिजला, आणि त्याच्यावर पुन्हा नवा थर आला. असे थरावर थर साचून सह्याद्रीच्या भागात त्यांची जाडी दोन किलोमीटरपर्यंत गेली. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश या काळ्या पाषाणाखाली आहे. बहुतेक भूशास्त्रज्ञ ज्या तप्त स्रोताशी या उद्रेकाचे नाते जोडतात, तो आता हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून धगधगतो. आपला भूखंड उत्तरेकडे सरकत निघून आला, चूल मागे राहिली. कर्जतचे कडे ही त्या चुलीवरची विझलेली राख नव्हे; तिच्यावर शिजलेले अन्न आहे, आणि एक अख्खे अरण्य त्यावर जगते आहे.

जगाच्या भूशास्त्राने या परिसराची नावे उचलली आहेत, ही गोष्ट कर्जत तालुक्यातल्या शाळेत पहिल्याच वर्षी सांगायला हवी. १९८०च्या दशकात दख्खनच्या लाव्हाथरांची त्यांच्या रासायनिक घडणीनुसार विभागणी झाली, तेव्हा खालच्या गटातल्या शैलसमूहांना नेरळ, ठाकूरवाडी आणि भीमाशंकर अशी नावे मिळाली. नेरळ तळाशी, ठाकूरवाडी त्याच्यावर, भीमाशंकर आणखी वर. म्हणजे लोकलचे स्थानक, ठाकरांच्या वस्तीचे नाव आणि ज्योतिर्लिंगाचे क्षेत्र ही तीन नावे एकावर एक ठेवली, की कोट्यवधी वर्षांच्या इतिहासाचा क्रम लागतो. खांडसहून चढणारा माणूस हा क्रम आपल्या गुडघ्यांनी वाचतो. या समूहांच्या सीमांजवळ काही थरांत बोटभर लांबीचे पांढुरके स्फटिक काळ्या दगडात विखुरलेले दिसतात. काही ठिकाणी दोन थरांच्या मध्ये विटेसारखा लाल पट्टा असतो. एक थर थिजल्यावर दुसरा येईपर्यंतच्या उसंतीत खडक झिजला, त्याची माती झाली आणि वरून आलेल्या लाव्ह्याने ती भाजली, याची ती खूण. लाव्ह्याच्या प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट आणि कणखर असतो, तर माथा बुडबुड्यांच्या पोकळ्यांनी भरलेला, ठिसूळ असतो. विहीर खणणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. घट्ट भाग उभा तुटतो आणि कडा होतो. मांजऱ्या झिजून मागे हटतो आणि पदर होतो. युरोपातल्या अभ्यासकांनी स्वीडिश भाषेतला जिना या अर्थाचा शब्द घेऊन या खडकाला ट्रॅप म्हटले. आपल्या माणसांनी त्याआधी कितीतरी पिढ्या त्याच पायरीला पदर म्हणून ठेवले होते, आणि पदरगड, पदरवाडी अशी नावेही दिली होती.

ही पायरी पाण्याचा हिशेबही ठेवते. घट्ट कातळ पाणी आत घेत नाही. मांजऱ्या आणि भेगाळलेले थर घेतात, आणि खालचा घट्ट थर लागला की पाणी आडवे सरकून बाहेर पडते. म्हणून झरे कड्याच्या मध्यावर फुटतात, पदराच्या मुळाशी. जिथे झरा, तिथे झाडी दाट. जिथे झाडी आणि थोडी सपाट जागा, तिथे वाडी. माथ्यावर वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, कारण अरबी समुद्रावरून आलेल्या ढगांना ही उभी भिंत एकाएकी वर ढकलते. त्या पावसाची वाटणीसुद्धा कड्याच्या धारेवरच होते. चार पावले पूर्वेला पडलेला थेंब भीमेत जातो, पंढरपुरात चंद्रभागा होतो आणि कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागराला मिळतो. चार पावले पश्चिमेला पडलेला थेंब कडा उतरून ओढ्यांतून उल्हासला मिळतो आणि शेलूजवळून वसईच्या खाडीकडे जातो. वारकऱ्याचे स्नान आणि चाकरमान्याच्या घरचा नळ हे एकाच कड्यावरून निघतात, हे त्या धारेवर उभे राहिल्याखेरीज नीट पटत नाही.

आता या जिन्यावर राहणाऱ्यांकडे वळू. तळाला साग, ऐन, किंजळ, पळस यांचे पानझडीचे रान आहे. उन्हाळ्यात ते उघडे पडते आणि उतारावरची जमीन तापते. कड्यांच्या कुशीत कारवी माजते. ती आठ वर्षांतून एकदाच फुलते, आणि तिच्या सरळ काठ्यांचे कूड करून इथल्या वाड्यांनी भिंती उभ्या केल्या आहेत. उभ्या कातळावर, जिथे मूठभर मातीही टिकत नाही, तिथल्या भेगांतून पावसाळ्यात कंदीलपुष्पाच्या जातीच्या नाजूक वेली उतरतात. कड्याच्या कपारींत शाहीन ससाणा घर करतो, कारण तिथे त्याच्या पिलांपर्यंत कोणाचा हात पोहोचत नाही. ओढ्यांच्या घळींत मलबारी कस्तुराची शीळ पहाटेच्या अंधारात घुमते. माणूस शीळ घालतो आहे असेच वाटावे, इतकी ती मानवी असते. माथ्यावर अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा यांचे सदाहरित रान लागते. त्याची उंची फार नसते, पण छत्र एकसलग असते, आणि त्याखालची जमीन भर उन्हाळ्यातही ओलसर राहते. पावसात तिथे कुजलेल्या काटक्यांवरची बुरशी रात्री मंद हिरवट उजेड देते. बिबट्या, सांबर, भेकर, पिसोरी, रानडुक्कर हे याच पट्ट्यांतून वरखाली करतात. हजारभर मीटरच्या आत इतकी वेगळी घरे एकमेकांवर रचली जातात, ती उतार सलग नसून पायऱ्यांचा आहे म्हणून. सलग उतार असता तर माती खाली वाहून गेली असती आणि रान एकाच जातीचे झाले असते.

या सगळ्या रहिवाशांत शेकरू हा माझ्या युक्तिवादाचा मुख्य साक्षीदार. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी, आणि १९८५ साली सुमारे १३१ चौरस किलोमीटरचे भीमाशंकर अभयारण्य जाहीर झाले ते प्रामुख्याने त्याच्यासाठी. दख्खनच्या सर्वेक्षणात फिरलेल्या विल्यम हेन्री साईक्स यांनी १८३१ साली इकडच्या शेकरूचे शास्त्रीय वर्णन केले आणि पुढे दख्खनच्या काळ्या खडकांच्या थरांवरही लिहिले. प्राणी आणि पाषाण एकाच माणसाच्या वहीत आले हा योगायोग असेल, पण तो फार समर्पक आहे. शेकरू तांबूस-तपकिरी, पोटाला फिकट, शेपटी अंगाहून लांब. तो जमिनीवर क्वचितच उतरतो. फांदीवरून फांदीवर जातो, एका उडीत पाच-सहा मीटर अंतर तोडतो, आणि एकाच वेळी अनेक घरटी बांधून ठेवतो. त्याच्यासाठी जंगल म्हणजे झाडांची संख्या नव्हे, झाडांचे एकमेकांना भिडणे. शंभर झाडे तोडून दुसरीकडे हजार लावली तर सरकारी हिशेब पूर्ण होईल. शेकरूचा होणार नाही. रुंद घाटरस्ता त्याच्या रानातून गेला, की दोन्ही बाजूंना झाडे राहतील, पण त्याच्या लेखी त्या दोन वेगळ्या जगांच्या कडा होतील. डांबराची एक पट्टी एका अरण्याची दोन अरण्ये करते.

शेलूहून भीमाशंकरचा कडा नुसत्या डोळ्यांनी दिसतो आणि शेलू मुंबईच्या लोकलच्या नकाशावर आहे. गिरणी कामगारांच्या घरांच्या निमित्ताने या गावाचे नाव अलीकडे वर्तमानपत्रांत वारंवार आले. मग या अरण्याला दुर्गम कसे म्हणायचे? याचे उत्तर शब्दातच आहे. जिथे जाणे कठीण ते दुर्गम; त्यात अंतराचा उल्लेखही नाही. लाखो माणसांच्या वस्तीपासून इतक्या जवळ असूनही हे रान अवघड राहिले ते आठशे मीटरहून अधिक उंचीच्या चढामुळे. त्याच अभयारण्याची पूर्व बाजू पाहिली की फरक कळतो. मंचर-घोडेगावकडून डांबरी रस्ता थेट देवळाजवळ येतो. त्या रस्त्याने श्रावणात आणि महाशिवरात्रीला अफाट गर्दी येते, आणि गर्दीबरोबर वाहनतळ, दुकाने, सांडपाणी, प्लास्टिक येते. पश्चिमेकडून गणेश घाट आणि शिडी घाट या दोन पायवाटा येतात. त्यांच्यावरही पावसाळ्यातल्या सुट्ट्यांना रांगा लागतात, कचराही पडतो. पण पायांनी येणारी गर्दी वाटेपुरती राहते, रात्री दिवे घेऊन फिरत नाही, भोंगे वाजवत नाही आणि रान रुंदीने कापत नाही. देव एक, कायदा एक, अभयारण्य एक. दोन बाजूंत फरक आहे तो फक्त चढाचा.

यावर एक गंभीर आक्षेप येतो. जंगल राखले ते माणसांनी आणि कायद्याने, दगडाला त्याचे श्रेय कसले? या आक्षेपात पुष्कळ तथ्य आहे. भीमाशंकरच्या परिसरात देवराया आहेत, आहुप्याची देवराई तर प्रसिद्धच आहे. माधव गाडगीळ आणि डॉ. वर्तक यांनी १९७०च्या दशकात पश्चिम महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास मांडला, तेव्हा श्रद्धेने राखलेल्या या तुकड्यांचे मोल जगापुढे आले. माथ्यावरच्या महादेव कोळ्यांनी हिरडा तोडला नाही, वेचला. उलट, नुसता चढ पुरेसा नसतो याचा पुरावा खांडसकडच्याच उतारांवर आहे. तळाच्या रानाने कोळशाच्या भट्ट्या आणि कुऱ्हाड सोसली आहे आणि उन्हाळ्यात वणवे आजही कड्यांपर्यंत चढतात. तेव्हा दगड एकटा राखण करतो असे मी म्हणत नाही. मी म्हणतो ते एवढेच की दगड वेळ मिळवून देतो. जिथे ओंडका खाली आणायला दिवस लागतो तिथे लूट महाग पडते, आणि लूट महाग पडली की श्रद्धेला, गावकीला आणि वनरक्षकाला जागे व्हायला अवधी मिळतो. रस्ता हा अवधी संपवतो. मग तीच देवराई, तोच कायदा आणि तोच रक्षक पूर्वीपेक्षा दुबळे ठरतात.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. दुर्गमतेचे गुणगान शहरातला माणूस करतो; तिची किंमत वाडीतली बाई मोजते. कर्जत-खालापूरच्या ठाकर आणि कातकरी वाड्यांतून आजारी माणसाला झोळीत घालून खाली आणावे लागते, ही आजची वस्तुस्थिती आहे. जो विचार तिच्याकडे पाठ फिरवतो त्याला मी निसर्गप्रेम म्हणणार नाही. पण इथे दोन रस्त्यांची गल्लत होते. वाडीला तिच्या बाजारगावाशी, शाळेशी, दवाखान्याशी जोडणारा रस्ता वेगळा, आणि कोकणातून घाटमाथ्यावर वाहने चढवण्यासाठी अभयारण्यातून कापलेला रस्ता वेगळा. पहिला रस्ता वाडीपाशी संपतो, अरुंद असला तरी चालतो, आणि वनहक्क कायद्यानेही अशा गरजेच्या सोयींना वाट ठेवली आहे. तो झालाच पाहिजे. दुसरा वाडीजवळून जातो पण वाडीसाठी थांबत नाही. रोजगाराचा मुद्दाही याच अंगाने तपासावा. पायी चढणाऱ्याला खांडसमध्ये वाटाड्या लागतो, भाकरी लागते, रात्रीचा आसरा लागतो. त्याच्या प्रत्येक थकव्याची कमाई गावात राहते. मोटारीत बसलेल्याला यातले काहीच लागत नाही. तो काच वर करून निघून जातो.

भाविक आणि वृद्ध यांचे काय, असेही विचारले जाते. कर्जतहून मोटारीने भीमाशंकर गाठायला मोठा वळसा पडतो, हे खरे आहे. पण ज्याला चढवत नाही त्याच्यासाठी पूर्वेचा रस्ता आहे आणि एसटीही आहे. दर्शनाचा हक्क कोणाचाच हिरावलेला नाही. प्रत्येक बाजूने चाक पोहोचलेच पाहिजे, हा मात्र हक्क होऊ शकत नाही. या बाबतीत उदाहरणासाठी दूर जायला नको. शेलूच्या दक्षिणेला, नेरळच्या डोक्यावर माथेरान आहे. तिथे मोटारींना बंदी आहे आणि २००३ पासून तो परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर आहे. १९०७ पासूनची छोटी गाडी, घोडे आणि पायवाटा यांच्या बळावर ते गाव पर्यटनावर जगते. तिथले प्रश्न सुटलेले नाहीत. घोड्यांच्या टापांनी लाल मातीची धूप होते, माणसाने माणसाला ओढण्याची हातरिक्षा ही तर लाजिरवाणी गोष्ट होती आणि तिच्या जागी ई-रिक्षा आणावी लागली. तरीही मोटार नाकारली म्हणून माणसे यायची थांबली नाहीत. उलट ती शांतता हेच माथेरानचे भांडवल झाले. तालुक्याच्या पश्चिमेला जे शतकाहून अधिक काळ जमले, ते पूर्वेला अशक्य कसे?

आणि शेवटी, हा डोंगर निवांत झोपलेला आहे हा समजही सोडला पाहिजे. लाव्हा थिजला, पण उतार जिवंत आहेत. ३० जुलै २०१४ रोजी भीमाशंकरपासून फार दूर नसलेले आंबेगाव तालुक्यातले माळीण मुसळधार पावसात दरडीखाली गेले आणि दीडशेच्या आसपास माणसे दगावली. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी गाडली गेली. कित्येकांचे देहसुद्धा हाती लागले नाहीत. दोन्ही ठिकाणी ज्वालामुखीच्याच खडकाची झीज झालेली माती पावसाने जड होऊन घसरली. इर्शाळवाडीवर कोणताही घाटरस्ता नव्हता, हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण प्रत्येक दरडीचा दोष रस्त्याला देणे खोटे ठरेल. पण त्यातून निघणारा धडा अधिक कडक आहे. जो उतार कोणी न छेडताही घसरू शकतो, त्याचा पायथा सुरुंगाने कापताना शंभरदा विचार करायला हवा. कडा आणि पदर यांचा तोल कोट्यवधी वर्षांच्या झिजेने साधलेला आहे. घाटरस्ता तो प्रत्येक वळणावर मोडतो आणि त्याची जोखीम त्याच पदरावर वसलेल्या वाडीच्या अंगणात येऊन पडते.

२०१२ साली पश्चिम घाटाच्या ३९ स्थळांना जागतिक वारशाचा मान मिळाला. महाराष्ट्रातून कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी त्यात आहेत, भीमाशंकर नाही. तो मान कधी मिळाला तर आनंदच होईल, पण त्याची वाट पाहायची गरज नाही. गणेश घाटाने सावकाश वर जावे, हाताने कातळ चाचपावा, लाल पट्ट्यापाशी थांबावे, माथ्यावरच्या रानात आवाज न करता बसावे आणि आणलेला कचरा परत खाली न्यावा. इतके केले तरी या वारशाचा आपण स्वीकार केला असे होईल. परतताना शेलूला लोकलची वाट पाहताना रुळांकडे नजर जाते. रुळांखाली अंथरलेली काळी खडी याच लाव्ह्याची आहे, आणि इकडच्या दगडखाणींतून निघणारा दगडही तोच. खडीशिवाय गाडी चालत नाही, आणि गाडीशिवाय मला हा डोंगर भेटला नसता; म्हणून फोडलेल्या प्रत्येक दगडाबद्दल मी तक्रार करू शकत नाही. तरी समोरच्या भिंतीकडे मान वर करून एवढे म्हणावेसे वाटते, की खडी पुष्कळ झाली. उरलेला दगड पायरी म्हणून राहू द्यावा. त्याच्या पदरावर अजून झरे फुटतात, आणि त्याच्या माथ्यावर अजून झाडे एकमेकांना भिडून उभी आहेत.